डिस्कची वाटणी : स्वयंचलित युनिक्स-स्थापनेतील सर्वांत जबाबदारीचे पान



ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, ते आम्हांला गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले तरी रीत मांडलेली नसेल तर ते गुण देत नसत. म्हणून आज मी माझ्या व्यवसायातील असा एक विषय निवडला आहे, की ज्यात सारे महत्त्व रीतीलाच आहे. श्रोत्यांमध्ये संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे अनेक माजी विद्यार्थी आहेत. तसेच ज्यांचा संगणकाशी संबंध केवळ टंकलेखनापुरता आहे, असेही अनेक आहेत. दुसऱ्या वर्गातील मंडळींनाही विषय समजावा, असा माझा प्रयत्न राहील.

प्रश्न कोठे आहे?

नव्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम चढविताना स्थापना-कार्यक्रम आपल्याला काही प्रश्न विचारतो. भाषा कोणती, वेळ कोणत्या विभागाची, जाळ्यातील पत्ता काय, डिस्कचे विभाग कसे पाडायचे, परवलीचा शब्द कोणता. एक यंत्र असेल तर समोर बसून उत्तरे देता येतात. परंतु दोनशे यंत्रे असतील तर? तेव्हा माणसे एक युक्ती करतात. सगळी उत्तरे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवायची आणि यंत्राने ती जाळ्यावरून वाचून घ्यायची. यालाच स्वयंचलित स्थापना म्हणतात.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपल्या सोलारिस प्रणालीसाठी 'जंपस्टार्ट' ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ केली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात रेड हॅट लिनक्समध्ये 'किकस्टार्ट' आली. जर्मनीतील कोलोन विद्यापीठात १९९९ मध्ये 'फाय' ही पद्धत जन्माला आली, तर डेबियन या लिनक्स-वितरणाने 'प्रीसीड' ही रीत स्वीकारली. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि २०११ च्या सोलारिस ११ मध्ये जंपस्टार्टची जागा दुसऱ्या पद्धतीने घेतली. नावे बदलली, तत्त्व बदलले नाही.

आता माझा मुद्दा सांगतो. या उत्तरपत्रिकेतील बहुतेक उत्तरे चुकली तरी पुढे दुरुस्त करता येतात. वेळ चुकली, बदलता येते. पत्ता चुकला, बदलता येतो. परंतु डिस्कविषयीचे उत्तर एकदा अमलात आले की मागे घेता येत नाही. कारण ते अमलात आणणे म्हणजेच पूर्वीचे पुसणे. हाताने स्थापना करताना पुसण्यापूर्वी यंत्र 'खात्री आहे ना?' असे विचारते. स्वयंचलित स्थापनेत ती खात्रीही आपण आधीच लिहून दिलेली असते. म्हणून या फाइलमधील डिस्कचे पान हे सर्वांत जबाबदारीचे पान होय.

विभाग कशासाठी?

जुन्या वाड्यात ओसरी, माजघर, देवघर, कोठार असे भाग असत. कोठारात धान्याची रास वाढली म्हणून ती देवघरात शिरत नसे. मध्ये भिंत असे. डिस्कच्या विभागांचे, म्हणजे पार्टिशनांचे, प्रयोजन नेमके हेच आहे.

युनिक्सच्या साऱ्या फाइलींचा वृक्ष एका मुळापासून सुरू होतो. त्या मुळाचा एक विभाग असतो. प्रणाली जागी होताना लागणारा गाभा पुष्कळदा 'बूट' या छोट्या विभागात ठेवतात. माणसांचे काम 'होम'मध्ये राहते. 'व्हार' या विभागात नोंदवह्या, टपाल, छपाईसाठी थांबलेले कागद असे सतत वाढणारे साहित्य जमा होते. एखादा कार्यक्रम बिघडून रात्रभर त्याच त्याच चुकीची नोंद करीत बसला, तर 'व्हार' सकाळपर्यंत तुडुंब भरतो. तो वेगळा असेल तर तेवढाच भरतो. मुळाच्याच विभागात असेल तर सारी प्रणाली श्वास कोंडल्यासारखी थांबते.

या विभागांची यादी डिस्कच्या आरंभी एका कोष्टकात लिहिलेली असते. जुन्या प्रकारच्या कोष्टकाला सामान्यतः २ टेराबाइटपलीकडची जागा मोजता येत नाही. नव्या 'जीपीटी' कोष्टकाला ती अडचण नाही, पण त्याच्या स्वतःच्या अपेक्षा आहेत. नव्या 'यूईएफआय' पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्राला 'ईएफआय' नावाचा एक छोटा विभाग लागतो. जीपीटी कोष्टक असलेले यंत्र जुन्या बायोस पद्धतीने सुरू करायचे असेल, तर ग्रब या आरंभक-कार्यक्रमासाठी १ मेगाबाइटएवढी चिमुकली जागा राखावी लागते. तेवढी राखायची राहिली तर कोट्यवधी बाइटांची डिस्क असूनही यंत्र जागे होत नाही.

स्वॅप आणि 'दुप्पट'चा नियम

विभागांतील एकावर माणसाची एकही फाइल नसते. तो म्हणजे स्वॅप. घरी पाहुणे आले की माजघरातले नको असलेले सामान आपण तात्पुरते पडवीत नेऊन ठेवतो. तसे मुख्य स्मृती, म्हणजे मेमरी, अपुरी पडू लागली की तिच्यातील सध्या न लागणारा मजकूर डिस्कवर ज्या जागी ठेवतात, ती जागा स्वॅप.

आरंभीच्या युनिक्समध्ये, पीडीपी-११ या यंत्रावर, संपूर्ण कार्यक्रमच उचलून डिस्कवर नेत आणि परत आणीत. १९७९ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने व्हॅक्स यंत्रासाठी काढलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत स्मृतीची लहान लहान पाने करून लागेल तेवढेच पान हलविण्याची सोय आली. या परंपरेतील अनेक प्रणालींचा एक दंडक होता. कार्यक्रमाने स्मृती मागितली की तिच्यासाठी स्वॅपमध्ये तेवढी जागा आगाऊ राखून ठेवायची. परिणामी स्वॅप स्मृतीहून लहान असेल, तर विकत घेतलेली स्मृतीसुद्धा पुरती वापरता येत नसे. 'स्वॅप स्मृतीच्या दुप्पट ठेवा' हा व्यावहारिक नियम अशा काळात रुजला, आणि त्या काळी तो शहाणपणाचाच होता.

त्याला दुसरेही एक कारण होते. प्रणाली कोसळली तर त्या क्षणीची सारी स्मृती स्वॅपच्या विभागात लिहून ठेवायची आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिची तपासणी करायची, अशी रीत अनेक युनिक्स प्रणालींत होती. स्वॅप अपुरा असेल तर मरणोत्तर तपासणीला पुरावाच उरत नसे.

पुढे मूळ कारणे बदलली. सोलारिस २ मध्ये स्मृती आणि डिस्कवरील स्वॅप यांची बेरीज ही एकूण जागा धरली जाऊ लागली. मात्र तेथे 'टीएमपी' ही तात्पुरत्या फाइलींची जागाही त्याच बेरजेतून घेतली जाते. ती कोणी भरून टाकली तर कार्यक्रमांना स्मृती मिळेनाशी होते. लिनक्स तर आगाऊ राखणाचा आग्रह सहसा धरत नाही. तो उधारीवर स्मृती देतो, आणि स्मृती व स्वॅप दोन्ही संपले की एखाद्या कार्यक्रमाला मारून बाकीच्यांना वाचवतो.

म्हणून आज दुप्पटचा नियम सरसकट लावणे बरोबर नाही. रेड हॅटच्या मार्गदर्शक पुस्तिकांत साधारण असे प्रमाण दिलेले आढळते : २ गिगाबाइटपर्यंत स्मृती असेल तर दुप्पट, २ ते ८ असेल तर बरोबरीने, ८ ते ६४ असेल तर निम्मे, आणि त्यापुढे कामाचे स्वरूप पाहून. यंत्र झोपविताना सारी स्मृती डिस्कवर उतरवायची असेल तर मात्र याहून अधिक जागा लागते.

काही ठिकाणी तर डिस्कवरचा स्वॅप मुळीच नको असतो. २०२० च्या फेडोरा ३३ पासून त्या वितरणाने स्मृतीतच दाबून ठेवलेला स्वॅप हा मूळ पर्याय केला. कुबरनेटीस या व्यवस्थेचा प्रत्येक यंत्रावरील कारभारी, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, स्वॅप आढळताच सुरू होण्यास नकार देतो.

कोणी विचारील, डिस्क आता स्वस्त आहे. स्वॅप भरपूर ठेवला तर बिघडले काय? बिघडते ते असे. एखादा कार्यक्रम बेताल होऊन स्मृती गिळू लागला, तर लहान स्वॅप असलेल्या यंत्रावर त्याचा निकाल लवकर लागतो. अवाढव्य स्वॅप असेल तर यंत्र पडवी आणि माजघर यांच्यामध्ये नुसते सामान वाहत बसते. ते मेलेले नसते, पण कोणाच्या कामाचेही नसते. आणि ही अवस्था कितीतरी वेळ चालू शकते. स्वॅप ही स्मृतीच्या अभावाची भरपाई नव्हे. ती क्षणिक ताणाची सोय आहे.

उत्तरपत्रिका कशी लिहितात?

स्वयंचलित स्थापनेत एकच फाइल अनेक यंत्रांना लागू होते, आणि यंत्रे सारखी नसतात. म्हणून शक्य तेथे आकडा न लिहिता नियम लिहावा.

जंपस्टार्टमध्ये यासाठी 'रूल्स' नावाची फाइल असे. यंत्राचे नाव, नमुना, स्मृतीचे किंवा डिस्कचे आकारमान पाहून कोणत्या यंत्राला कोणता आराखडा लावायचा, हे तीत ओळीओळीने लिहीत. पहिली जुळणारी ओळ लागू होई. ही फाइल तशीच चालत नसे. 'चेक' नावाच्या कार्यक्रमाने तपासून दिलेली प्रतच यंत्र वाचत असे. आराखड्यात विभागणी 'डीफॉल्ट' लिहिली तर कोणती डिस्क घ्यायची हे यंत्र ठरवी. 'एक्स्प्लिसिट' लिहिले तर आपण नाव घेतलेल्याच जागा ते वापरी. शिवाय एखाद्या विभागापुढे 'एक्झिस्टिंग' आणि 'प्रिझर्व्ह' हे शब्द लिहिले की तो होता तसा जतन केला जाई. फाय पद्धतीतही विभाग जतन करण्याचा असाच शब्द आहे.

किकस्टार्टमध्ये 'पार्ट' या आज्ञेने विभाग मागतात. 'साइझ' म्हणजे आकार, 'ग्रो' म्हणजे उरलेली जागा घेऊन वाढ, 'मॅक्ससाइझ' म्हणजे वाढीची मर्यादा. स्वॅपपुढे 'रेकमेंडेड' लिहिले की यंत्र स्वतःची स्मृती पाहून आकार ठरविते. जुने विभाग काढून टाकण्याची आज्ञा 'क्लिअरपार्ट'. कोणत्या डिस्ककडे पाहायचे आणि कोणत्या डिस्ककडे पाहायचेच नाही हे सांगणारी आज्ञा 'इग्नोरडिस्क'. या दोन आज्ञांकडे मी थोड्या वेळाने पुन्हा वळणार आहे.

डेबियनच्या पद्धतीत गणित अधिक गंमतीचे आहे. तेथे प्रत्येक विभागासाठी तीन आकडे लिहितात : किमान आकार, अग्रक्रम आणि कमाल आकार. अनेकांना वाटते की मधला आकडा म्हणजे हवा असलेला आकार. तसे नाही. अग्रक्रमातून किमान वजा केला की जी संख्या येते, ती त्या विभागाचा वाटा ठरविते. उदाहरण घेऊ. डिस्क १,००,००० मेगाबाइटची आहे. मूळ विभागासाठी १०,०००, २०,००० आणि ३०,००० हे तीन आकडे लिहिले. 'व्हार'साठी किमान ५,०००, अग्रक्रम ४५,००० आणि कमाल मर्यादा नाही. स्वॅपसाठी तिन्ही आकडे ५,०००.

प्रथम प्रत्येकाला किमान दिले. २०,००० संपले, ८०,००० उरले. आता वाटे पाहा. मूळचा वाटा १०,०००, 'व्हार'चा ४०,०००, स्वॅपचा शून्य. म्हणजे उरलेल्या जागेची वाटणी एकास चार. मूळला आणखी १६,००० मिळून २६,००० झाले, 'व्हार'ला आणखी ६४,००० मिळून ६९,००० झाले, स्वॅप ५,०००. बेरीज १,००,०००. हीच फाइल २,००,००० मेगाबाइटच्या डिस्कला लावली तर मूळच्या वाट्याला ४६,००० येऊ पाहतात. पण कमाल मर्यादा ३०,००० ची असल्यामुळे ते तेथेच थांबते आणि उरलेले सारे 'व्हार'कडे जाऊन १,६५,००० होतात. फाइल एकच, यंत्रे दोन, आणि दोन्ही ठिकाणी वाटणी समंजस. स्वॅपसाठी आकड्याऐवजी स्मृतीचे शेकडा प्रमाणही येथे लिहिता येते.

वाटणीत आणखी एक शहाणपण लागते : सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटू नये. लिनक्समध्ये 'एलव्हीएम' नावाची सोय आहे. तिच्यामुळे विभाग पुढे वाढविता येतात. रेड हॅटने २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून मूळ पर्याय म्हणून घेतलेली 'एक्सएफएस' ही फाइल-रचना वाढविता येते, पण व्यवहारात लहान करता येत नाही. तेव्हा काही जागा कोणालाच न देता शिल्लक ठेवली, तर गरज निर्माण होईल तिकडे ती वळविता येते. सारी वाटून टाकली तर परत मागता येत नाही.

नावात काय नसते?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. यंत्र डिस्कला ज्या नावाने हाक मारते, ते नाव त्या डिस्कचे नसते. ते पुष्कळदा तिच्या रांगेतील क्रमांकाचे असते. लिनक्समध्ये पहिली सापडलेली डिस्क 'एसडीए', दुसरी 'एसडीबी'. यंत्र पुन्हा सुरू केले, एखादे कार्ड बदलले, नुसती यूएसबी कांडी लावलेली राहिली, तरी हा क्रम बदलू शकतो. पटावरील क्रमांकाने विद्यार्थी ओळखावा आणि पट दररोज नव्याने लिहावा, असा हा प्रकार आहे.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेतील घटना सांगतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे काही यंत्रे रातोरात नव्याने उभी करायची होती. किकस्टार्टच्या फाइलमध्ये 'क्लिअरपार्ट' आज्ञेला 'ऑल' हा शब्द जोडलेला होता, आणि 'इग्नोरडिस्क'ची ओळ नव्हती. पूर्वीच्या शेकडो यंत्रांत एकच डिस्क असल्याने ही फाइल निर्वेध चालत आलेली होती. त्या रात्रीच्या यंत्रांपैकी एकाला मात्र बाहेरची साठवणपेटी जोडलेली होती, आणि तिच्यात विद्यार्थ्यांचे परीक्षाविषयक दस्तऐवज होते. यंत्राने 'ऑल' या शब्दाचा अर्थ 'ऑल' असाच घेतला. स्थापना यशस्वी झाल्याचा संदेश पडद्यावर आला. टेपवर प्रत होती म्हणून बहुतेक सारे परत मिळाले. पण शेवटच्या अकरा दिवसांच्या नोंदी तेथील कारकुनांनी कागदांवरून पुन्हा हाताने भरल्या. त्या रात्रीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

या घटनेत यंत्र बिघडले नाही, कार्यक्रमात दोष नव्हता, फाइलही नवी नव्हती. नवी होती ती परिस्थिती. शंभर वेळा चाललेली फाइल सुरक्षित असते असे नाही. ती शंभर सारख्या यंत्रांवर चालली, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

पाळावयाची पथ्ये

तरुण सहकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो ती पथ्ये थोडक्यात मांडतो.

पहिले, काय पुसायचे हे लिहिण्यापूर्वी काय राखायचे ते लिहावे. किकस्टार्टमध्ये 'इग्नोरडिस्क'ला 'ओन्ली-यूज' जोडून एकाच डिस्कचे नाव द्यावे. बाकीच्या डिस्क स्थापना-कार्यक्रमाच्या दृष्टीआड राहतात.

दुसरे, डिस्क रांगेवरून ओळखू नये, ओळखीवरून ओळखावी. लिनक्समध्ये डिस्कच्या बनावटीवरून आणि अनुक्रमांकावरून केलेली स्थिर नावे उपलब्ध असतात. अनेक प्रकारची यंत्रे असतील, तर किकस्टार्टच्या 'प्री' भागात छोटा कार्यक्रम लिहून आधी डिस्क तपासाव्यात, योग्य ती निवडावी आणि तिच्यापुरत्याच ओळी तयार करून मुख्य फाइलमध्ये समाविष्ट कराव्यात.

तिसरे, अपेक्षित चित्र दिसले नाही तर यंत्राने थांबावे, अंदाज करू नये. एक डिस्क अपेक्षित असताना दोन दिसल्या, तर स्थापना तेथेच सोडून द्यावी. अर्धवट थांबलेले यंत्र हा त्रास आहे. चुकीच्या डिस्कवर पूर्ण झालेली स्थापना हा अनर्थ आहे.

चौथे, बाहेरची साठवण स्थापनेपूर्वी प्रत्यक्ष सोडवून ठेवावी. सुटलेल्या केबलीपलीकडचे पुसता येईल अशी आज्ञा अजून कोणी लिहिलेली नाही.

पाचवे, फाइलची चाचणी मुद्दाम दोन डिस्क असलेल्या आभासी यंत्रावर घ्यावी आणि दुसऱ्या डिस्कवर खुणेची फाइल ठेवावी. स्थापनेनंतर ती शाबूत असेल तरच फाइल उत्तीर्ण.

सहावे, डिस्कचे पान दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय ते चालवू नये. लिहिणाऱ्याला आपण काय म्हणालो ते दिसत नाही. आपल्याला काय म्हणायचे होते तेच दिसते.

श्रोतेहो, स्वयंचलनाचे कौतुक आपण वेगासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु स्वयंचलनाने निर्णय नाहीसा होत नाही. तो फक्त अलीकडे सरकतो. जो निर्णय पूर्वी यंत्रासमोर उभे राहून, पडद्यावरचा प्रश्न वाचून घेतला जाई, तो आता आठवडाभर आधी, यंत्र डोळ्यांपुढे नसताना, कागदासारख्या एका फाइलीवर घेतला जातो आणि शेकडो ठिकाणी एकाच वेळी अमलात येतो. म्हणून तो अधिक विचाराने, अधिक स्पष्ट शब्दांत आणि यंत्राला 'थांब' म्हणण्याची सोय ठेवून घेतला पाहिजे. संगणकाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आज एवढे एकच सूत्र सोबत न्यावे.